गावाचे पाणी : चार पोरे आणि एक वही

मृगाचा पहिला पाऊस पडला की शेतकऱ्याला पेरणीची घाई होते आणि आम्हा डॉक्टरांना सलाईनच्या बाटल्या मोजून ठेवण्याची. ओढ्याला नवे पाणी येते, विहिरी गढूळ होतात आणि आठ-पंधरा दिवसांत जुलाब-उलट्यांचे रुग्ण दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसतात. वाचकांना यात नवे काही नाही. हा आजार पाण्यातून येतो हेही आता शाळेतले पोर सांगते. पण तो थांबवायचा कोणी? डॉक्टरने, सरकारने, की ग्रामपंचायतीने? या प्रश्नाचे उत्तर मला वैद्यकीय महाविद्यालयात मिळाले नाही. ते आमच्या गावापासून आठ किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या चार पोरांनी दिले. त्या खेड्याचे नाव मुद्दाम देत नाही. आपल्या जिल्ह्यातले कोणतेही गाव समजावे.

माझी चूक

गोष्ट १९९८ च्या जुलैतली. मी प्रॅक्टिस सुरू करून चार वर्षे झाली होती. एका सोमवारी सकाळी त्या गावातून बैलगाडीने तीन रुग्ण आले, दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अकरा. खाटा पुरेनात, तेव्हा व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या आणि खिडकीच्या गजांना बाटल्या टांगल्या. तीन दिवस, तीन रात्री कंपाउंडर आणि मी झोपलो नाही. एकही रुग्ण दगावला नाही. गावकऱ्यांनी हार घातला, नारळ दिला आणि मी तो घेतला.

त्या तीन दिवसांत मी प्रत्येकाला विचारले, जुलाब किती झाले, लघवी झाली का, काय खाल्ले. पाणी कोठले पिता, हे एकालाही विचारले नाही.

ऑगस्ट संपता संपता त्याच गावातून काविळीचे रुग्ण येऊ लागले. त्यांत एक सात महिन्यांची गरोदर बाई होती, माहेरी पहिल्या बाळंतपणाला आलेली. दोन दिवसांत तिची शुद्ध हरपली. जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले, पण ती आणि बाळ दोघेही गेले. ही ‘ई’ प्रकारची कावीळ असावी असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. हा विषाणू विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून माणसात येतो. एरवी बहुतेक रुग्ण पथ्यपाणी आणि विश्रांतीने बरे होतात, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर शंभरात वीस ते पंचवीस बायका दगावू शकतात.

आणि इथेच माझी चूक माझ्या लक्षात आली. पटकीचा जंतू पोटात गेला की काही तासांत ते पाच दिवसांत जुलाब लागतात. विषमज्वराला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात. ‘ई’ काविळीला मात्र दोन ते आठ आठवडे. म्हणजे जुलैत ज्या घाणीने गॅस्ट्रो आणला, तीच घाण त्यानंतरही कित्येक दिवस त्या गावाच्या पाण्यात येत होती. जुलैतच मी गावात जाऊन पाण्याची चौकशी केली असती, तर ऑगस्टमधली कावीळ सगळी नाही तरी बरीच टळली असती. ती बाई वाचली असती असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. वाचली नसती असेही म्हणू शकत नाही.

वही घेऊन आलेला मुलगा

त्या बाईच्या दहाव्यानंतर तिचा चुलतभाऊ दवाखान्यात आला. वय बावीस-तेवीस. बारावीनंतर शिक्षण सुटलेले, गावात मोटार रिवाइंडिंगचे दुकान. हातात शाळेची दोनशे पानी वही. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणता पाण्यानं झालं. पण पाणी सगळ्या गावाला एकाच टाकीचं. मग आमच्या वरच्या आळीत एकही माणूस आजारी नाही, असं कसं?”

मी वही उघडली. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी गावातले घर न घर पालथे घातले होते. घरात माणसे किती, जुलैत जुलाब कोणाला, आता कावीळ कोणाला, पाणी नळाचे की हापशाचे, नळाला तोटी आहे की नाही, सगळे पेन्सिलीने लिहिलेले. शेवटच्या पानावर गावाचा नकाशा आणि त्यावर लाल फुल्या. फुल्या एका रांगेत होत्या. शाळेजवळच्या मोरीपासून सुरू होऊन खालच्या आळीच्या टोकापर्यंत.

रविवारी आम्ही पाचजण मोरीजवळ गेलो आणि खणले. लोखंडी पाइपचा जोड सुटला होता. कोणीतरी तो सायकलच्या ट्यूबने बांधून ठेवला होता. त्यावरून गावाचे गटार वाहत होते आणि चार संडासांचे पाणी त्या गटारात उतरत होते.

लंडनची गोष्ट

त्या रात्री मला आमच्या सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पुस्तकातला डॉ. जॉन स्नो आठवला. १८५४ साली ऑगस्टच्या अखेरीला लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. दहा दिवसांत पाचशेवर माणसे मेली. रोग दूषित हवेने होतो अशी तेव्हाच्या मोठमोठ्या डॉक्टरांची समजूत होती. स्नो म्हणत होता, हा पाण्याचा रोग आहे. त्याने मृतांची घरे मोजली, ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हापशाभोवती गोळा झालेली दिसली आणि ८ सप्टेंबरला त्या हापशाचा दांडा काढण्यात आला. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी वेगळा करून दाखवायला तेव्हा आणखी जवळपास तीस वर्षे होती.

एवढे सर्व डॉक्टरांना ठाऊक असते. त्या गोष्टीतला दुसरा माणूस मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. हेन्री व्हाइटहेड हा त्या वस्तीतल्या चर्चचा तरुण धर्मोपदेशक. त्याला स्नोचे म्हणणे मुळीच पटले नव्हते. ते खोटे ठरवावे म्हणून तो घरोघर फिरला. वस्तीतले प्रत्येक कुटुंब त्याला नावाने ओळखत होते, त्यामुळे लोक त्याच्याशी मोकळेपणाने बोलले. चौकशी करता करता त्याचे मत बदलले आणि साथीचे मूळ त्यालाच सापडले. हापशासमोरच्या चाळीस नंबरच्या घरात एक तान्हे मूल साथीच्या आधी जुलाबाने आजारी पडले होते. त्याची आई लंगोट धुतलेले पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतत असे. खड्डा खणून पाहिला तर त्याच्या विटा ढासळलेल्या आणि हापशाची विहीर दोन-तीन पावलांवर.

तर्क डॉक्टरचा होता, पण पुरावा दिला तो घराघरात जाणाऱ्या तरुणाने. आमच्या गावातही हेच झाले. डॉक्टरला रुग्ण दिसतो, इंजिनिअरला पाइप दिसतो. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणी नळाला मोटर लावली, कोणाच्या संडासाचा खड्डा कोठे आहे, हे गावातल्या पोराला ठाऊक असते.

पाणी बिघडते कोठे?

पुष्कळांना वाटते, टाकीत पाणी शुद्ध केले की काम संपले. तसे नाही. त्या चार पोरांबरोबर मी गावाची नळयोजना विहिरीपासून शेवटच्या नळापर्यंत पायी फिरलो. जे दिसले ते बहुतेक गावांत आजही दिसेल.

१) विहीर किंवा हापसा : कठडा फुटलेला, काठावर धुणे, जनावरांना पाजायचे पाणी तिथेच. हापशाच्या ओट्याला तडे गेले असतील तर सांडपाणी त्यातूनच खाली झिरपते. संडासाचा शोषखड्डा पाण्याच्या ठिकाणापासून निदान पंधरा मीटर, म्हणजे पन्नास फूट लांब हवा.

२) टाकी : झाकण नाही, आत पारव्यांची घाण, तळाशी वीतभर गाळ. टाकी शेवटची कधी धुतली हे कोणालाच आठवत नाही.

३) व्हॉल्वचे खड्डे आणि गळती : हे सर्वांत धोक्याचे. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. नळ तासभर येतो, मग पाइप रिकामा होतो. रिकामा होताना तो फटीतून बाहेरचे पाणी आत ओढून घेतो. बाहेर गटार असेल तर गटार. दुसऱ्या दिवशी नळाला येणारे पहिले दोन हंडे याच पाण्याचे असतात.

४) तोटी नसलेले नळ आणि नळाचे खड्डे : पाणी कमी दाबाने येते म्हणून लोक अंगणात खड्डा करून नळ खाली नेतात. नळ गेल्यावर त्या खड्ड्यात तेच सांडपाणी साचते आणि उघड्या पाइपातून परत आत जाते. शेजारच्याने नळाला थेट मोटर लावली असेल तर विचारूच नका. मोटर पाण्याबरोबर घाणही ओढते.

वरची आळी का वाचली? त्यांचा पाइप मोरीच्या अलीकडेच फुटून वर जात होता. त्यांचे नशीब चांगले होते, एवढेच.

पोरांनी पहिल्या महिन्यात दोन कामे केली. ग्रामपंचायतीच्या मागे लागून मोरीखालचा पाइप गटारापासून दूर घेतला आणि दारोदार फिरून एकशे सदतीस नळांना तोट्या बसवल्या. पैसे गणपतीच्या वर्गणीतून. मंडळाने मांडव लहान घातला. म्हातारी माणसे कुरकुरली, पण गणपतीबाप्पा रागावले नाहीत.

पावडर टाकणे आणि टाकल्याचे लिहिणे

आता मुख्य मुद्दा. ज्याला आपण टीसीएल किंवा ब्लीचिंग पावडर म्हणतो, ती बहुतेक गावांत येते. वहीत रोज “पावडर टाकली” अशी नोंदही असते. तरी साथ येते. कारण काय?

ताज्या चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. हवा, ऊन आणि ओल लागली की तो उडून जातो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून, तोंड उघडे ठेवलेले पोते दोन पावसाळे काढते आणि शेवटी उरतो तो नुसता चुना. तो टाकला काय आणि न टाकला काय, सारखेच. म्हणून पावडर कोरड्या अंधाऱ्या जागी, फळीवर, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवावी आणि लागेल तेवढीच मागवावी.

किती टाकावी? पाठ्यपुस्तकातले माप असे, की चांगली पावडर असेल तर १,००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम. विहिरीत पाणी किती हे काढायचा सोपा हिशेब असा : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सर्व मीटरमध्ये, आणि त्याला ०.७८५ ने गुणावे. उत्तर घनमीटरमध्ये येते. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. समजा विहीर ३ मीटर रुंद आहे आणि पाणी २ मीटर खोल आहे. ३ × ३ × २ × ०.७८५ = सुमारे १४ घनमीटर, म्हणजे १४,००० लिटर. पावडर लागेल ३५ ग्रॅम. ५०,००० लिटरच्या टाकीला १२५ ग्रॅम. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा वजन करून एखाद्या डबीला खूण करून ठेवावी, म्हणजे रोज अंदाजपंचे काम होत नाही.

कशी टाकावी? पावडर तशीच पाण्यात भिरकावू नये. प्लास्टिकच्या बादलीत थोडे पाणी घेऊन तिची पेस्ट करावी, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे. एका बादलीत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. पाच-दहा मिनिटांत साका खाली बसतो. वरची निवळ दुसऱ्या बादलीत काढून ती पाण्यात मिसळावी. चुन्याचा साका विहिरीत टाकू नये, त्याने पाणी जड होते. विहिरीत निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवावी. नाकाला रुमाल बांधावा, हात धुवावेत. टाकीत निवळ टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी सोडू नये. विहीर असेल तर तासभर उपसा करू नये. क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. रात्री शेवटचा उपसा झाल्यावर पावडर टाकणे उत्तम.

आणि हे सगळे केल्यावरही काम झाले की नाही, हे वहीतली सही सांगत नाही. ते ओ.टी. तपासणी सांगते. छोट्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी पांढरेच राहिले तर नाही. रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत पाहावा आणि नळीबरोबर मिळणाऱ्या रंगपट्टीशी ताडून घ्यावा. टाकीजवळ लिटरला अर्धा मिलिग्रॅम आणि गावातल्या अगदी शेवटच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, घाण जास्त असते, ती क्लोरीन खाऊन टाकते. मग पावडर वाढवावी लागते. किती, ते याच तपासणीवरून ठरते. तपासलेले पाणी पिऊ नये, फेकून द्यावे. ते रसायन विषारी आहे.

टाकीजवळ पिवळा रंग आला आणि शेवटच्या नळाला आला नाही, याचा अर्थ लक्षात घ्या. मधे कोठेतरी घाण आत शिरते आहे. म्हणजे ही दोन मिनिटांची तपासणी गळतीसुद्धा शोधून देते. मोरीजवळ खणावे लागत नाही आणि कोणी मरावे लागत नाही.

पोरांच्या मार्गातल्या अडचणी

त्या चौघांनी पाळ्या लावल्या. पहाटे टाकीवर एकजण, सकाळी शेवटच्या नळावर दुसरा. वहीत तारीख, वेळ, पावडर किती, टाकीजवळचा रंग, शेवटच्या नळाचा रंग आणि सही. काम एवढेच.

गावाने त्यांना डोक्यावर घेतले असे मुळीच नाही. “पाण्याला वास येतो, चहा बिघडतो,” ही पहिली तक्रार. “या पावडरीनं बायकांना दिवस जात नाहीत,” ही दुसरी. “पोरांना निवडणूक लढवायचीय,” ही तिसरी. पहिल्या तक्रारीला मी उत्तर दिले : पाणी घरी आल्यावर भांडे तासभर उघडे ठेवा, वास पुष्कळ कमी होतो. दुसरीसाठी देवळात सभा घेतली. मोठमोठ्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या लोक क्लोरीनचे पाणी पितात आणि तिथल्या शाळांना मुलांसाठी वर्ग पुरत नाहीत, असे सांगितल्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानंतर कोणी ते बोलले नाही. तिसऱ्या तक्रारीला उत्तर नव्हते. काळाने दिले.

पाच वर्षे त्या गावातून पावसाळ्यात माझ्याकडे जुलाबाचा एखाद-दुसराच रुग्ण आला. मग २००४ साली वहीवाल्या मुलाला चाकणला कारखान्यात नोकरी लागली. दुसऱ्याचे लग्न झाले, तिसरा ट्रकवर गेला. चौथ्याने एकट्याने दोन महिने ओढले आणि सोडून दिले. पुढच्याच पावसाळ्यात ट्रॉली पुन्हा माझ्या दारात उभी राहिली. या खेपेला मी सलाईन लावता लावता पहिला प्रश्न विचारला, “वही कोणाकडे आहे?” कोणाकडेच नव्हती.

हा धडा मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. चांगल्या माणसावर उभे राहिलेले काम तो माणूस गेला की बसते. तरुण पोरे नोकरीसाठी गाव सोडणारच, त्यांना दोष देऊ नये. म्हणून दर दोन मोठ्यांच्या हाताखाली दोन लहान हवेत. बारावीचा असेल तर त्याच्याबरोबर नववीचा. आणि मुली हव्यात. पाणी भरतात त्या, आजारी मुलाच्या उशाशी बसतात त्या, मग तपासणीत त्या का नकोत? त्या गावात नंतर हे काम उभे राहिले ते महाविद्यालयात जाणाऱ्या दोन मुलींमुळे. वही पुन्हा सुरू झाली आणि या वेळी ती ग्रामपंचायतीत नव्हे, शाळेत ठेवली. ग्रामपंचायत पाच वर्षांनी बदलते, शाळेत दर जूनला नवी मुले येतात.

आज काय बदलले?

पुष्कळ बदलले. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले, तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी सुमारे १७ टक्के घरांत नळ होता. २०२५ पर्यंत हा आकडा सरकारी नोंदीप्रमाणे ऐंशी टक्क्यांच्या घरात गेला. प्रत्येक गावात निदान पाचजणांना, शक्यतो महिलांना, पाणी तपासणीचे शिक्षण द्यावे आणि तपासणीची पेटी द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो. पाण्याच्या ठिकाणांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे किती वाचकांना ठाऊक आहे? उद्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे.

जंतूंची ढोबळ तपासणीही आता सोपी आहे. आपल्याच देशात, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ती प्रसिद्ध केली. औषध लावलेला कागद घातलेल्या बाटलीत पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळे झाले तर त्यात विष्ठेतली घाण असल्याचा दाट संशय. मग नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. दहावीची मुले हे सहज करू शकतात.

पण नळ घरात आला म्हणजे शुद्ध पाणी आले, असे समजू नये. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातापायातली शक्ती जाण्याचा हा आजार. कित्येक रुग्णांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून येतो. एवढ्या मोठ्या शहराच्या कडेला हे घडते, तर आपण निर्धास्त कसे राहावे?

आणखी एक सावधगिरी. क्लोरीन जंतू मारतो, पाण्यात विरघळलेले क्षार काढत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे वाकतात. खतांच्या अतिवापराने नायट्रेट वाढते, ते तान्ह्या मुलांना घातक. अशा ठिकाणी पावडर कितीही टाकली तरी उपयोग नाही. फ्लोराइड उकळूनही जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तिथे प्रयोगशाळेची तपासणी आणि पिण्यासाठी दुसरे पाणी, हाच उपाय.

घरातल्यांनी काय करावे?

पाणी चार पदरी स्वच्छ फडक्याने गाळावे. ही आजीची रीत मागासलेली नाही. बांगलादेशातल्या खेड्यांत डॉ. रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी करून पाणी गाळायला लावले, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पण निम्मेच, हे विसरू नये. गाळल्यानंतर मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे, किंवा पाणी खळखळून उकळावे. साथ असताना हे घरोघर झालेच पाहिजे. माठावर झाकण आणि पाणी काढायला दांड्याचे ओगराळे. तांब्यासकट हात बुडवला की सगळे केलेले पाण्यात.

तरीही जुलाब लागलेच, तर पहिल्या जुलाबापासून जीवनरक्षक क्षारांचे पाणी द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. लहान मुलाला याबरोबर डॉक्टरच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, की घरी थांबू नये. कावीळ झालेल्या गरोदर बाईला तर एक दिवसही घरी ठेवू नये.

शेवटी तरुण वाचकांना

तुम्हाला कोणी पुढारी म्हणावे असे वाटत असेल, तर येत्या रविवारी दोन मित्रांना घेऊन गावात फिरा आणि चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. टाकी शेवटची कधी धुतली? पावडरीचे पोते कोठे आणि कसे ठेवले आहे? किती नळांना तोटी नाही? शेवटच्या नळाच्या पाण्याला ओ.टी. टाकल्यावर कोणता रंग येतो? ही चार उत्तरे घेऊन ग्रामसभेत उभे राहा. भांडू नका, वही वाचून दाखवा. लिहिलेल्यापुढे आरडाओरडा फार वेळ टिकत नाही.

त्या गावाची वही आता सतरावी आहे. मागच्या महिन्यात शाळेत गेलो होतो, तेव्हा एका नववीतल्या मुलीने ती मला दाखवली. शेवटच्या नळाच्या रकान्यात दोन दिवस “रंग नाही” असे लिहिले होते. मी विचारले, मग काय केले? ती म्हणाली, “सर, तिसऱ्या दिवशी खणलं. व्हॉल्वजवळ गळत होतं.” त्या आठवड्यात त्या गावातून माझ्याकडे जुलाबाचा एकही रुग्ण आला नव्हता.